गोष्ट कोणाची, वही कोणाची? अमेरिकेच्या लोककथांचे कोडे

ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसून उंचावरून थेट पाण्यात झेपावण्याची ‘स्प्लॅश माउंटन’ ही डिस्ने उद्यानांतली सफर अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिथे फिरून आलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांना ठाऊक असेल. 2023 च्या जानेवारीत फ्लोरिडातली आणि मे महिन्यात कॅलिफोर्नियातली ही सफर कायमची बंद करण्यात आली, आणि 2024 मध्ये दोन्ही ठिकाणी त्याच जागी नव्या कथानकाची सफर सुरू झाली. होडीच्या वाटेवर दिसणारे ससा, कोल्हा आणि अस्वल 1946 च्या एका डिस्नेपटातले होते, आणि त्या चित्रपटाने दक्षिणेतल्या मळ्यांवरचे कृष्णवर्णीयांचे जीवन गोडगुलाबी करून दाखवल्याचा आक्षेप तो प्रदर्शित झाला तेव्हापासूनच घेतला जात होता. सफर बंद झाल्यावर काहींनी ‘बरे झाले’ म्हटले, तर काहींनी लोककथांचा वारसा पुसला जात असल्याची तक्रार केली. वारसा म्हणून ज्या गोष्टींची बाजू घेतली जात होती, त्या मुळात मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनीच रचलेल्या आणि जपलेल्या होत्या, हा मुद्दा या गदारोळात मागे पडला.

आता हा विषय पुन्हा निघण्याचे कारण म्हणजे 2026 हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे 250 वे वर्ष आहे, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा देश युनेस्को या संयुक्त राष्ट्रांच्या सांस्कृतिक संघटनेतून पुन्हा एकदा बाहेर पडणार असल्याची घोषणा जुलै 2025 मध्ये झाली. एकीकडे वारशाचा उत्सव आणि दुसरीकडे वारसा जपणाऱ्या संघटनेला रामराम, हे पाहून सामान्य वाचक गोंधळला तर नवल नाही. त्यासाठी अमेरिकेच्या लोककथा म्हणजे काय, त्या आल्या कुठून आणि त्यांवरून भांडण कशाचे आहे, हे क्रमाने समजून घ्यावे लागते.

लोककथा म्हणायचे कशाला?

ज्या गोष्टीचा एक ठरावीक कर्ता सांगता येत नाही, जी तोंडोतोंडी पसरते आणि सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते, तिला अभ्यासक लोककथा म्हणतात. तिची ‘अस्सल प्रत’ नावाची वस्तू नसते, तिची असतात ती फक्त रूपे. एखाद्या गोष्टीची तीस रूपे सापडली तर त्यांतले एक खरे आणि बाकीची भ्रष्ट असे मानायचे नसते.

यावर पहिली शंका अशी येते की जेमतेम अडीचशे वर्षांच्या देशाला लोकवारसा असणार कुठून? पण देशाचे वय आणि तिथल्या लोकांचे वय या निराळ्या गोष्टी आहेत. नवाहो, लाकोटा, चेरोकी, झुनी अशा मूळ रहिवासी राष्ट्रांच्या कथा त्या देशापेक्षा कितीतरी जुन्या आहेत, आणि केंद्र सरकारने मान्यता दिलेली अशी राष्ट्रे आजही पावणेसहाशेच्या आसपास आहेत. त्यांच्या कथांत कुठे कोयोटी हा लबाड रानकुत्रा, कुठे डोमकावळा, तर डाकोटांकडे इक्तोमी नावाचा कोळी गमती करतो, जग घडवतो आणि स्वतःच्याच हावेपायी तोंडावर आपटतो. झितकला-शा या यँक्टन डाकोटा लेखिकेने 1901 मध्ये इक्तोमीच्या कथा इंग्रजीत आणल्या, म्हणजे त्या जमातीच्याच मुलीने आणल्या, हे नोंदवण्याजोगे आहे. कारण तसे फार थोड्या वेळा घडले.

दुसरा प्रवाह आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा. तिसरा युरोपातून आलेल्यांचा. अॅपलेशियन डोंगरांत सांगितल्या जाणाऱ्या जॅक नावाच्या पोराच्या गोष्टी ब्रिटनमधून तिथे पोचल्या आणि उत्तर कॅरोलिनातल्या बीच माउंटनच्या कुटुंबांनी त्या पिढ्यानपिढ्या जपल्या. चौथा प्रवाह मात्र तिथल्याच मातीतला आहे: लाकूडतोडे, रेल्वेमजूर, गुराखी, नावाडी यांनी कामाच्या तळांवर एकमेकांना मारलेल्या बाता. इंग्रजीत अशा थापेला ‘टॉल टेल’ म्हणतात. ती ऐकवणारा चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू देत नाही आणि नवख्याने ती खरी मानावी अशी बाकीच्यांची इच्छा असते.

डांबराच्या बाहुलीचा प्रवास

बंद झालेल्या सफरीतला ससा म्हणजे ब्रेर रॅबिट, आपण त्याला ससेदादा म्हणू. त्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अशी. कोल्हा डांबर आणि टर्पेंटाइन कालवून एक बाहुली करतो आणि रस्त्याच्या कडेला बसवतो. ससेदादा ऐटीत येतो, बाहुलीला रामराम घालतो. ती गप्प. तो पुन्हा विचारतो, मग चिडतो, ‘वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे हे शिकवतो’ म्हणत एक ठोसा लगावतो. हात चिकटतो. दुसऱ्या हाताने मारतो, तोही चिकटतो. दोन्ही पाय चिकटतात, शेवटी डोक्याने धडक देतो आणि डोकेही अडकते. झुडपामागून कोल्हा हसत बाहेर येतो. तेव्हा ससेदादा गयावया करतो: भाज, फाशी दे, बुडव, कातडी सोल, पण कृपा करून मला त्या काटेरी जाळीत टाकू नकोस. अधिकाधिक दुखवावे म्हणून कोल्हा त्याला नेमके तिथेच भिरकावतो, आणि काही क्षणांत पलीकडच्या टेकडीवरून आवाज येतो की माझा जन्मच काट्यांच्या जाळीत झाला आहे!

आता बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतले, म्हणजे जातकांतले, पंचायुध जातक आठवा. पाच शस्त्रे चालवण्यात तरबेज असलेला राजपुत्र जंगलात चिकट केसांच्या यक्षाशी लढतो. त्याचे बाण यक्षाच्या केसांना चिकटतात, पाठोपाठ तलवार, भाला आणि गदा. मग तो हाताने मारतो, पायांनी मारतो, शेवटी डोक्याने, आणि पाची ठिकाणी अडकतो. तरीही तो घाबरत नाही, आणि त्याची ही निर्भयता पाहूनच यक्ष त्याला सोडतो. दोन हात, दोन पाय आणि डोके हा पंचबंध दोन्हीकडे जसाच्या तसा आहे. जोसेफ जेकब्स या संग्राहकाने 1892 मध्ये हे साम्य वाचकांपुढे मांडले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ऑरेलिओ एस्पिनोसा यांनी या कथेची जगभरातली रूपे जमवायला घेतली आणि 1943 पर्यंत त्यांचा आकडा 267 वर नेला. कथेचे मूळ भारतात आहे, असे त्यांचे मत होते.

हे वाचून ‘म्हणजे गोष्ट आपलीच’ अशी कॉलर ताठ करण्याचा मोह होतो, आणि तो टाळलेला बरा. पश्चिम आफ्रिकेत अनान्सी हा कोळी असाच डिंकाच्या बाहुलीला चिकटतो. चेरोकींकडेही डांबराच्या लांडग्याची गोष्ट जेम्स मूनी यांनी नोंदवली आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या कथा मुख्यतः युरोपातून उचललेल्या आहेत असे लोकसाहित्याचे अभ्यासक रिचर्ड डॉर्सन म्हणत, तर दुसरे अभ्यासक विल्यम बॅस्कम यांनी एकेक कथा घेऊन तिचे आफ्रिकी रूप दाखवत ते मत खोडून काढायचा सपाटा लावला. माझ्या मते बॅस्कम यांची बाजू जड आहे. पण उगमाचा शोध कितीही लांबला तरी त्याने मालकी ठरत नाही. विरजण शेजारणीकडून आणले म्हणून आपल्या घरचे दही शेजारणीचे होत नाही. दूध आपले, भांडे आपले, आणि आठवडाभरात चवही आपल्या घराची होते. जातकात कथेचा गाभा निर्भयतेचा आहे. जॉर्जियाच्या मळ्यावर तोच सापळा उरला, पण सुटका झाली ती धन्याला स्वतःच्या क्रौर्याच्याच जाळ्यात अडकवून. शिक्षा म्हणून काट्यांत फेकले जाणे हेच ज्याचे घर आहे अशा माणसाला ही गोष्ट काय वाटली असेल, हे सांगायला अभ्यासक लागत नाही.

हॅरिसने लिहिले नसते तर गोष्टी बुडाल्या असत्या ना?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. ससेदादाच्या गोष्टी पुस्तकात आणणारा जोएल चँडलर हॅरिस हा जॉर्जियातल्या ईटन्टनचा गोरा मुलगा. यादवी युद्धाच्या काळात तो टर्नवोल्ड नावाच्या मळ्यावरच्या छापखान्यात उमेदवारी करत होता आणि फावल्या वेळी गुलामांच्या झोपड्यांत बसून गोष्टी ऐकत होता. पुढे अटलांटात पत्रकार झाल्यावर त्याने त्या आठवून लिहिल्या आणि 1880 मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले. गोष्टींचा सांगाडा, बोलीचा ठेका आणि प्रसंगांचा क्रम त्याने निष्ठेने टिपला, हे त्याचे टीकाकारही मानतात.

अडचण चौकटीची आहे. हॅरिसने ‘अंकल रीमस’ नावाचा एक प्रेमळ, समाधानी म्हातारा कल्पिला. हा पूर्वीचा गुलाम धन्याच्या घरातल्या लहान मुलाला गोष्टी सांगतो आणि जुने दिवस बरे होते असे सुचवत राहतो. ज्या गोष्टी रात्री आपापसांत, धन्याच्या पाठीमागे सांगितल्या जात, त्या आता धन्याच्या नातवाला झोपवण्यासाठी सांगितल्या जाऊ लागल्या. ससा कोण आणि कोल्हा कोण हे ज्या श्रोत्यांना ठाऊक होते ते बाजूला झाले. ज्यांच्याकडून हॅरिसने गोष्टी ऐकल्या त्यांच्याऐवजी मुखपृष्ठावर एका काल्पनिक माणसाचे नाव चढले, आणि डिस्नेने पुढे ती चौकटच पडद्यावर आणली. त्याच ईटन्टनमध्ये 1944 साली जन्मलेल्या लेखिका अॅलिस वॉकर यांनी हॅरिसने आपल्या वारशाचा मोठा भाग चोरला असे स्पष्टपणे लिहिले आहे. चोरी हा शब्द मला थोडा कडक वाटतो, पण ज्या गावात लहानाचे मोठे व्हायचे तिथेच आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टींवर दुसऱ्याचे नाव आणि दुसऱ्याचे स्मारक पाहायचे, ही भावना समजते.

आणि दुसरा मार्ग नव्हताच असेही नाही. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये 1893 साली स्थापन झालेल्या मंडळात कृष्णवर्णीय पदवीधर स्वतःच्याच गावांतल्या कथा, कोडी आणि समजुती गोळा करून संस्थेच्या मासिकात छापत होते. झोरा नील हर्स्टन मानववंशशास्त्र शिकून आपल्या फ्लोरिडातल्या ईटनव्हिल गावी परतल्या, दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्यांच्या थापा आणि कथा टिपल्या आणि 1935 मध्ये त्या छापताना कोण बोलले, कोणी कोणाची खोड काढली, हेही ठेवले. आपल्या इकडचा दाखला द्यायचा तर 1868 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने दख्खनच्या कथांचे पुस्तक काढले, त्यात कथा सांगणाऱ्या आयाचे, अॅना लिबेराता डिसूझा हिचे नाव आणि तिची जीवनकहाणी छापलेली आहे. सत्ता आणि पैसा तिथेही मेमसाहेबांकडेच होता, पण सांगणारी निदान अदृश्य झाली नाही.

जाहिरातीतून मोठा झालेला महाकाय

आता उलट टोक पाहू. अमेरिकी मुलांच्या पुस्तकांत हमखास भेटणारा पॉल बन्यन हा महाकाय लाकूडतोड्या आणि त्याचा बेब नावाचा निळा बैल. त्याच्या तळावरचा तवा इतका मोठा, की धिरडी भाजण्याआधी पोरे पायांना डुकराच्या चरबीचे तुकडे बांधून त्यावर घसरत फिरत आणि तव्याला चरबी लागे. एका हिवाळ्यात बोललेले शब्दच हवेत गोठले आणि वसंतात एकदम वितळून गलका झाला. थाप म्हणून दोन्ही झकास आहेत.

पण बन्यनला घराघरांत पोचवले ते रेड रिव्हर लंबर कंपनीच्या जाहिरातींनी. पूर्वी लाकूडतळांवर काम केलेल्या विल्यम लॉहेड या जाहिरातकाराने 1914 मध्ये कंपनीच्या गिऱ्हाइकांसाठी एक पुस्तिका तयार केली. तीत त्याने बन्यनच्या गोष्टी आणि कंपनीच्या पाइनच्या फळ्या एकाच पानावर मांडल्या, आणि बैलाला बेब हे नावही त्यानेच दिले. 1922 च्या मोठ्या आवृत्तीनंतर बन्यन राष्ट्रीय वीर झाला. 1923 मध्ये एका मासिकातून गुराख्यांचा वीर पेकोस बिल असाच अवतरला. 1950 मध्ये वर उल्लेख केलेल्या डॉर्सन यांनी अशा मालासाठी ‘फेकलोअर’ हा शब्द रूढ केला: लोककथेच्या नावाखाली विकलेली, प्रत्यक्षात लेखणीतून आलेली गोष्ट. लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने वडिलांपुढे चेरीचे झाड तोडल्याची कबुली दिली, ही कथाही अशीच चरित्रकार वीम्स यांनी 1806 च्या आवृत्तीत घुसडलेली आहे.

बनावट असेल तर फेकून का देऊ नये?

कारण इतकी स्वच्छ विभागणी टिकत नाही. विस्कॉन्सिनच्या लाकूडतळांवर 1880 च्या दशकात बन्यनच्या बाता खरोखर चालत होत्या, असे पुरावे अलीकडे पुढे आले आहेत. म्हणजे लॉहेडने ठिणगीवर रॉकेल ओतले, ठिणगी त्याची नव्हती. शिवाय 1937 मध्ये मिनेसोटातल्या बेमिजी गावाने बन्यन आणि बेब यांचे पुतळे उभारले, आणि तिथे फोटो काढत मोठ्या झालेल्या पिढ्यांसाठी तो आता गावचाच आहे. ढोंग तीन पिढ्या चालले की ती परंपरा होते, हे कोणत्याही जुन्या देशाला नवे नाही.

मला खटकते ती दुसरी बाब. या हसऱ्या राक्षसाने उत्तरेकडची प्रचंड पाइन अरण्ये भुईसपाट होण्याला गमतीचे रूप दिले. ती अरण्ये ज्यांची होती ते ओजिब्वे हे मूळ रहिवासी लोक या गोष्टींत जवळजवळ दिसतच नाहीत. सफरचंदाची रोपे वाटत अनवाणी फिरणारा जॉनी अॅपलसीड खरा होता: जॉन चॅपमन, जन्म 1774, मृत्यू 1845. पण बियांपासून वाढवलेली त्याची आंबट सफरचंदे मुख्यतः सायडर नावाची दारू गाळायला उपयोगी पडत, आणि तो मेला तेव्हा त्याच्या नावावर सुमारे 1,200 एकर जमीन होती. वसाहतवाले पोचण्याआधी रोपवाटिका तयार ठेवण्याचा हा धंदा होता. संत आणि व्यापारी एकाच माणसात असू शकतात. लोककथेने त्यातला अर्धा ठेवला.

जॉन हेन्री: खरा की खोटा?

सर्वांत अवघड प्रकरण हेच आहे, म्हणून जरा थांबून पाहू. गाणे म्हणते की जॉन हेन्री नावाच्या कृष्णवर्णीय घणवाल्याने वाफेवर चालणाऱ्या छिद्रयंत्राशी शर्यत लावली, जिंकला आणि हातात घण धरून मेला. पश्चिम व्हर्जिनियातल्या टॅल्कट गावाजवळचा बिग बेंड बोगदा 1870 ते 1872 दरम्यान खोदला गेला, आणि शर्यत तिथे झाली असे परंपरा सांगते.

काम कसे चाले हे समजल्याशिवाय गाणे कळत नाही. खडकात सुरुंग भरायचा तर आधी खोल भोक पाडावे लागे. एक जण पोलादी पहार खडकावर धरून बसे, दुसरा तिच्या डोक्यावर घण घाली, आणि प्रत्येक घावानंतर धरणारा पहार थोडी फिरवी व हलवी, म्हणजे भुकटी मोकळी होऊन टोक पुन्हा नव्या जागी बसे. अंधारात, दिव्याच्या उजेडात, घण पहारीऐवजी धरणाऱ्याच्या मनगटावर बसू नये यासाठी दोघांचा ताल एक असावा लागे, आणि तो ताल गाण्याने मिळे. घणाचा घाव नेमका जिथे पडायचा तिथे ओळ संपते. म्हणजे जॉन हेन्रीचे गाणे कामावरचे वर्णन असण्याआधी ते कामाचेच एक अवजार होते.

1920 च्या दशकात गाय जॉन्सन आणि लुई चॅपल या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे टॅल्कटला जाऊन म्हाताऱ्या मजुरांना विचारले. कोणी शर्यत पाहिल्याचे सांगे, कोणी असे काही झालेच नाही म्हणे. 2006 मध्ये इतिहासकार स्कॉट नेल्सन यांनी वेगळाच धागा पकडला: व्हर्जिनियाच्या तुरुंगाच्या नोंदवहीत जॉन विल्यम हेन्री नावाचा कैदी आहे, आणि त्या काळी तुरुंग कैद्यांना रेल्वेच्या ठेकेदारांकडे भाड्याने धाडी. नेल्सन यांच्या मते शर्यत व्हर्जिनियातल्या लुइस बोगद्यात झाली, कारण कैदी आणि वाफेची यंत्रे शेजारी-शेजारी कामाला होती ती तिथे. अशा मजुरांचा जीव बहुधा घाव घालून नव्हे, तर खडकाची बारीक धूळ फुप्फुसांत साठून जाई. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. इतर काही अभ्यासक मात्र घटना अलाबामातल्या लीड्सजवळची मानतात. निकाल लागलेला नाही.

मग खरे-खोटे ठरले नाही तर गोष्टीची किंमत कमी होते का? एका माणसाच्या बाबतीत नोंदवही अपुरी पडेल, पण भाड्याने दिलेले कैदी, यंत्राची धास्ती आणि धुळीने मेलेले मजूर या तिन्ही बाबींना कागदोपत्री आधार आहे. ज्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही त्यांनी तो गाऊन ठेवला. बन्यनची थाप आणि जॉन हेन्रीचे गाणे यांत म्हणूनच मला फरक वाटतो: एकाची साखळी गिऱ्हाइकांच्या यादीकडे जाते, दुसऱ्याची कामाच्या जागी परत येते.

जतन करायचे म्हणजे सगळे रेकॉर्ड करून टाकायचे का?

आजच्या काळात हाच उपाय सर्वांना सुचतो, आणि काही अंशी तो बरोबर आहे. 1930 च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेकार लेखकांना काम देण्यासाठी जी योजना काढली, तिच्या लोकांनी पूर्वीच्या गुलामांच्या 2,300 हून अधिक मुलाखती घेतल्या. त्या नसत्या तर तो काळ भोगलेल्या बहुतेकांचा आवाजच उरला नसता. पण नवाहो परंपरेत कोयोटीच्या गोष्टी फक्त हिवाळ्यातच सांगायच्या असतात. अशी गोष्ट जुलै महिन्यात कोणाच्याही फोनवर वाजू लागली, तर ती जपली गेली म्हणायची की मोडली?

यावर मेन राज्यातल्या पॅसमॅक्वॉडी या मूळ रहिवासी जमातीच्या ध्वनिमुद्रणांनी एक वाट दाखवली आहे. 1890 च्या मार्चमध्ये संशोधक जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी कॅले गावी एडिसनच्या यंत्रावर त्यांची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केल्या. संशोधनासाठी लोकांत जाऊन केलेले हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. त्यांपैकी 31 नळकांडी उरली आणि ती हार्वर्ड विद्यापीठामार्गे लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आली. अलीकडे लायब्ररीने आवाज पुन्हा स्वच्छ करून जमातीच्या हाती दिले. तिथल्या जाणकारांनी ऐकून शब्द उतरवले, नोंदीतल्या चुका सुधारल्या आणि काय सर्वांसाठी खुले ठेवायचे व काय नाही हे ठरवले. ते निर्णय आता लायब्ररीच्या नोंदीवरच चिठ्ठीसारखे जोडलेले असतात. कायद्याने ही मुद्रणे जुनी आणि मुक्त ठरतील, पण वापरणाऱ्याला विचारण्याचा पत्ता मिळतो.

युनेस्कोतून बाहेर पडल्याने काय बिघडते?

लोककथांपुरते बोलायचे तर थेट फारसे काही नाही. युनेस्कोच्या ज्या 2003 च्या करारात कथा, गाणी, विधी अशा अमूर्त वारशाची यादी होते, त्यावर अमेरिकेने कधी सहीच केलेली नाही. भारत 2005 पासून त्यात आहे. अमेरिका 1984 मध्ये युनेस्कोतून बाहेर पडली, 2003 मध्ये परतली, 2018 अखेर पुन्हा गेली, 2023 मध्ये पुन्हा आली, आणि या साऱ्या येण्याजाण्यात तिथले लोकसाहित्याचे काम देशांतर्गत व्यवस्थेवरच चालत राहिले. 1976 च्या कायद्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकजीवन केंद्र उभे राहिले. 1967 पासून वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेचा लोकजीवन महोत्सव भरतो. 1982 पासून राष्ट्रीय कला निधी पारंपरिक कलावंतांना सन्मानवृत्ती देतो, आणि बीच माउंटनचे कथेकरी रे हिक्स यांना ती 1983 मध्ये मिळाली. दक्षिणेच्या किनाऱ्यावर गल्ला-गीची या गुलामांच्या वंशजांच्या समाजात ससेदादाच्या गोष्टी आजही त्यांच्या बोलीत ऐकू येतात, आणि 2006 मध्ये संसदेने तो चार राज्यांचा किनारी पट्टा वारसा म्हणून घोषित केला.

काळजी आहे ती या घरच्या व्यवस्थेची. 2025 च्या एप्रिल-मे महिन्यांत कला आणि मानव्यविद्या यांच्या राष्ट्रीय निधींनी आधी मंजूर झालेली कितीतरी अनुदाने अचानक रद्द केली. राज्यांच्या मानव्यविद्या परिषदांना त्याचा फटका बसला, आणि प्रकरणे न्यायालयात गेली. गावोगावच्या कथेकऱ्यांना शाळेत बोलावणे, जुन्या फिती दुरुस्त करणे, जमातींच्या भाषेतल्या नोंदी तपासणे ही कामे अशा लहान अनुदानांवर चालतात. युनेस्कोच्या यादीत नाव नसल्याने यांपैकी एकही काम आजवर थांबले नव्हते; वॉशिंग्टनचा धनादेश न आल्याने मात्र थांबू शकते.